डायग्लॅडिएट : तलवारीतून आलेले एक क्रियापद

#धागा #शब्दांचा_इतिहास

१/
इंग्रजीत 'डायग्लॅडिएट' असे एक क्रियापद आहे. अर्थ : कडाक्याचा वाद घालणे, शब्दांनी एकमेकांवर तुटून पडणे. आजच्या इंग्रजीत ते जवळजवळ ऐकू येत नाही. मोठ्या शब्दकोशांत ते 'अप्रचलित' या शिक्क्यासह पडून आहे. परंतु या एका शब्दाचा माग काढत गेल्यास रोमन प्रजासत्ताकाचा रक्तरंजित शेवट, फ्रान्सिस बेकनने पंडितांवर घेतलेला आक्षेप आणि महाराष्ट्राने आदराने उच्चारलेली 'रँग्लर' ही उपाधी, असे तीन मुक्काम लागतात.

२/
प्रथम व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये 'ग्लादिउस' म्हणजे रोमन सैनिकाची आखूड तलवार. ती धारण करून आखाड्यात लढणारा तो 'ग्लॅडिएटर'. फुलवाल्याकडे मिळणाऱ्या 'ग्लॅडिओलस'चे नावही याच कुळातले : तलवारीसारख्या पात्यांची पाने, म्हणून 'छोटी तलवार'. 'ग्लादिउस'ला 'परस्परांपासून विलग' अशा अर्थाचा उपसर्ग लागून 'डिग्लादिआरी' हे लॅटिन क्रियापद झाले. मूळ अर्थ : तलवारी उपसून एकमेकांशी झुंजणे. इंग्रजी शब्द त्यावरूनच आला.

३/
भांडणाच्या शब्दात शस्त्र दडलेले असणे मराठीला नवीन नाही. 'खडाजंगी' या शब्दातील 'जंग' म्हणजे फारसीतील युद्ध. 'वाग्युद्ध', 'शाब्दिक चकमक', 'टीकेचे बाण' हे शब्दप्रयोग रोजच्या वर्तमानपत्रात भेटतात. इंग्रजीतील 'पोलेमिक' हा शब्द ग्रीक 'पोलेमोस'वरून, म्हणजे युद्धावरूनच आलेला आहे. माणसांनी वादाला नाव देताना अनेकदा रणांगणाकडे पाहिले आहे. हे रूपक किती काळ रूपक राहते आणि ते कधी खरे होऊ लागते, हा प्रश्न 'डायग्लॅडिएट'च्या इतिहासात उभा राहतो.

४/
या इतिहासाचे पहिले स्थळ म्हणजे रोमचा फोरम. हा नगराच्या मध्यभागी असलेला सार्वजनिक चौक. न्यायसभा, निवडणुकीचा प्रचार, कायद्यांवरील भाषणे, सारे तेथेच चाले. वक्त्यांच्या व्यासपीठाला 'रोस्त्रा' म्हणत. 'रोस्त्रा' म्हणजे चोची. इ. स. पू. ३३८ मध्ये अँटियमच्या पराभूत आरमारातील जहाजांच्या चोचीसारख्या टोकदार नाळी कापून आणून या व्यासपीठावर बसवल्या होत्या. बोलण्याच्या जागेला सजावट होती ती युद्धातील लुटीची.

५/
मात्र त्या जागेवर प्रत्यक्ष शस्त्राला मज्जाव होता. 'पोमेरियम' या नगराच्या पवित्र सीमेच्या आत शस्त्रे घेऊन वावरणे परंपरेला अमान्य होते. सेनापतीचा लष्करी अधिकारही सामान्यतः त्या सीमेबाहेरच चाले. सीमेबाहेर तलवार आणि सीमेच्या आत शब्द, अशी ही विभागणी होती. प्रजासत्ताकाचे दैनंदिन जीवन तिच्यावर उभे होते.

६/
इ. स. पू. १३३ मध्ये ही विभागणी कोसळली. तिबेरियस ग्रॅकस या लोकप्रतिनिधीने, रोमन संज्ञेत 'ट्रिब्यून'ने, सार्वजनिक जमिनीवर बड्या लोकांनी बसवलेला ताबा मर्यादित करून ती गरिबांना वाटण्याचा कायदा मांडला. त्याचाच सहकारी ट्रिब्यून ऑक्टेवियस याने नकाराधिकार वापरून तो अडवला. दोघांत रोस्त्रावर रोज वाद झडू लागले. चरित्रकार प्लूटार्क नोंदवतो की, इतक्या त्वेषाने भांडूनही दोघांनी एकमेकांविषयी अपशब्द काढला नाही.

७/
वादाने प्रश्न सुटेना, तेव्हा तिबेरियसने लोकांच्या मताने ऑक्टेवियसला पदावरून दूर केले. असे यापूर्वी झाले नव्हते. पुढे तो पुन्हा निवडून येण्याच्या खटपटीला लागला, तेव्हा प्रमुख पुरोहित स्किपिओ नासिका याच्या नेतृत्वाखाली सिनेटमधील मंडळी चालून आली. त्यांच्या अनुयायांच्या हाती सोटे होते. स्वतः सिनेटरांनी गर्दीत मोडलेल्या बाकांचे पाय उचलले. प्लूटार्कच्या सांगण्यानुसार तिबेरियससह तीनशेहून अधिक माणसे लाकूड आणि दगडांनी मारली गेली. लोखंडाने एकही नाही. प्रेते टायबर नदीत फेकण्यात आली.

८/
'लोखंडाने एकही नाही' हा तपशील बारकाईने पाहावा असा आहे. नियम मोडला जात असतानाही त्याची छाया शिल्लक होती. तलवार अजून फोरममध्ये आली नव्हती, म्हणून बसण्याची बाकेच शस्त्र झाली. दशकभरानंतर धाकटा भाऊ गायस ग्रॅकस ट्रिब्यून झाला. इ. स. पू. १२१ मध्ये त्याचा शेवट झाला तो कॉन्सल ओपिमियसच्या सशस्त्र तुकड्यांमुळे. त्यांत क्रीट बेटावरचे धनुर्धारीही होते. या वेळी मृतांचा आकडा प्लूटार्क तीन हजार सांगतो.

९/
'डिग्लादिआरी' हे क्रियापद नेमके येथे भेटते. सुमारे सत्तर वर्षांनी सिसेरोने 'कायद्यांविषयी' हा संवादग्रंथ लिहिला. त्यात त्याचा भाऊ क्विंटस ट्रिब्यूनच्या पदावर कडाडून टीका करतो. आपण फोरममध्ये खंजीर फेकले आहेत, असे गायस ग्रॅकस स्वतः म्हणाल्याची आठवण तो देतो. ते खंजीर कशासाठी, तर नागरिकांनी आपापसांत 'डिग्लादिआरी' करावे यासाठी. गायसचे खंजीर म्हणजे त्याचे कायदे. तरीही हे क्रियापद केवळ अलंकारिक म्हणता येत नाही, कारण त्या कायद्यांवरून खरोखर रक्त सांडले होते.

१०/
मूळ वाक्यात खंजिरासाठी 'सिका' हा शब्द आहे. सिका म्हणजे वाकडे, लहान, कपड्यात लपवता येणारे पाते. त्यावरूनच मारेकऱ्याला 'सिकारियस' म्हणत. 'ग्लादिउस' हे सैनिकाचे उघड शस्त्र. सिका हे गल्लीबोळातले. सैनिकी तलवारीवरून बनलेले क्रियापद आणि मारेकऱ्याचे हत्यार एकाच वाक्यात आणून सिसेरोने क्विंटसच्या तोंडून त्या काळच्या राजकारणाचे निदान केले आहे.

११/
दुसरा प्रयोग अगदी निराळ्या वातावरणातला. इ. स. पू. ४५ मध्ये लाडकी कन्या तुलिया वारली. राजकारणात सिसेरोला स्थान उरले नव्हते, सत्ता सीझरच्या हाती होती. त्या काळात त्याने 'तुस्कुलानी संवाद' लिहिले. मनोविकारांविषयी स्टोइक आणि पेरिपेटेटिक या दोन पंथांत जो वाद होता, त्याविषयी तो म्हणतो की, त्यांनी खुशाल आपापसांत तलवारी चालवाव्यात. आपल्याला सत्याच्या अधिकांत अधिक जवळ काय आहे, एवढेच शोधायचे आहे. क्रियापद तेच. येथे तलवार पूर्णपणे शब्दांची झाली आहे.

१२/
तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. इ. स. पू. ४४ च्या शरदात, सीझरच्या खुनानंतर काही महिन्यांनी, सिसेरोने अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी 'कर्तव्यांविषयी' हा ग्रंथ लिहिला. त्यात प्लेटोचे एक मत येते : ज्या गोष्टींसाठी सामान्य माणसे आसुसतात आणि एकमेकांशी 'डिग्लादिआरी' करतात, त्या गोष्टी तत्त्वज्ञ तुच्छ मानतो; म्हणून तो न्यायी ठरतो.

१३/
सिसेरोला हे उत्तर अपुरे वाटते. कोणावर अन्याय न करणे हा न्यायाचा अर्धा भाग झाला. ज्यांचे रक्षण करणे आपले कर्तव्य आहे त्यांना अभ्यासाच्या ओढीपायी वाऱ्यावर सोडणे, हाही अन्यायच होय, असे तो बजावतो. भांडणापासून दूर राहणारा माणूस आपोआप निर्दोष ठरत नाही. तुस्कुलानी संवादांत 'त्यांना भांडू द्या' म्हणणारा लेखक वर्षभरात या निष्कर्षाला आला होता.

१४/
आणि तो तसा वागलाही. सप्टेंबर ४४ पासून त्याने मार्क अँटनीविरुद्ध भाषणांची मालिका सुरू केली. डेमॉस्थिनीसने मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध केलेल्या भाषणांवरून तिला 'फिलिपिके' हे नाव पडले. एकूण चौदा भाषणे. त्यांतील दुसरे भाषण तर सभेत झालेच नाही, ते केवळ लिखित स्वरूपात पसरले. हातात शस्त्र नसलेल्या साठी उलटलेल्या माणसाने सैन्य बाळगणाऱ्या पुढाऱ्याशी शब्दांनी केलेली ही झुंज होती.

१५/
उत्तर शब्दांत आले नाही. अँटनी, ऑक्टेवियन आणि लेपिडस यांनी एकत्र येऊन वध्य व्यक्तींच्या याद्या जाहीर केल्या. ७ डिसेंबर, इ. स. पू. ४३ रोजी फॉर्मिए येथील आपल्या निवासस्थानाजवळ सिसेरो मारला गेला. त्याचे शिर आणि लिहिणारे हात कापून रोममध्ये आणले गेले आणि रोस्त्रावर टांगण्यात आले. ज्या व्यासपीठावरून तो आयुष्यभर बोलला, तेच ते व्यासपीठ.

१६/
सिसेरोच्या लेखनात 'डिग्लादिआरी' तलवारीकडून शब्दाकडे सरकत गेले. त्याच्या नगरात प्रवास उलटा झाला : शब्दांचा वाद, मग बाकांचे पाय, मग धनुर्धारी, मग मृत्यूच्या याद्या. भाषेने जे रूपक घडवले, त्याला टिकून राहण्यासाठी एका व्यवस्थेचा आधार लागत होता. शस्त्र सीमेबाहेर ठेवण्याचा नियम सर्वांना मान्य असणे, ही ती व्यवस्था. ती मोडली तेव्हा क्रियापद आपल्या मूळ अर्थाला परत गेले.

१७/
आता सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्लंड. लॅटिन वाचून तयार झालेले विद्वान इंग्रजीत लॅटिन शब्दांची भर घालत होते, आणि अशा जड शब्दांना 'दौतीतले शब्द' म्हणून हिणवणारेही होते. जॉर्ज पटनमचा मानल्या जाणाऱ्या १५८९ च्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात 'डिग्लॅडिएशन' हे नाम आढळते, तेही मूळ अर्थाने : प्राचीन रंगमंडलांतील झुंजींचे खेळ. शब्द इंग्रजीत आला तेव्हा तलवार त्याच्या हातात होतीच.

१८/
सोळा वर्षांनी, १६०५ मध्ये, फ्रान्सिस बेकनने 'ज्ञानाची प्रगती' हा ग्रंथ राजा पहिला जेम्स याला अर्पण केला. त्यात तो हेच नाम पंडितांच्या वादांसाठी वापरतो. मध्ययुगीन विद्यापीठांतील पंडितांविषयी त्याची तक्रार अशी की, कोळी जसा स्वतःच्या पोटातून जाळे काढतो तसे ते बाहेरच्या सृष्टीकडे न पाहता विद्येची जाळी विणतात. धागा अतिशय तलम, पण उपयोग शून्य. एक आक्षेप, त्याला उत्तर, उत्तरावर पुन्हा आक्षेप, अशी ही तलवारबाजी चालूच राहते.

१९/
बेकनची खरी चिंता पुढे आहे. क्षुल्लक बाबींवरची अशी झुंज पाहून सामान्य लोक एकूण विद्येलाच तुच्छ मानू लागतात. हा सारा रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा बोलघेवडेपणा आहे, या सिराक्यूजच्या डायोनिसियसच्या मताला ते पटकन मान डोलावतात. वाद रक्तात बुडून संपतो तसाच पोकळ होऊनही संपतो, हे बेकनने ओळखले होते.

२०/
बेकनने ज्याचे मत उद्धृत केले तो डायोनिसियस जुलमी सत्ताधीश होता. डायोजिनीस लायर्शियस या प्राचीन चरित्रकाराने ही कथा दिली आहे. प्लेटो जुलमी सत्तेविषयी बोलत असता डायोनिसियसने त्याचे बोलणे म्हाताऱ्याची बडबड ठरवले. 'आणि तुझे बोलणे जुलमी राजाचे', असे उत्तर प्लेटोने दिले. संतापलेल्या राजाने त्याला गुलाम म्हणून विकण्याची व्यवस्था केली, असे कथा सांगते. वादाला निरर्थक बडबड म्हणणारा प्रत्येक जण सत्याच्या बाजूचा असतोच असे नाही.

२१/
भारतीय परंपरेने या दोन धोक्यांचा विचार शास्त्र म्हणून केला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. 'वाद' म्हणजे सत्यनिर्णयासाठी केलेली चर्चा. 'जल्प' म्हणजे छल वापरूनही जिंकण्यासाठी केलेली चर्चा. 'वितंडा' म्हणजे स्वतःचे मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडणे. पराभव केव्हा झाला असे मानावे, हे ठरवण्यासाठी बावीस 'निग्रहस्थाने'ही सांगितली आहेत. मराठीतील 'वितंडवाद' हा शब्द तिथूनच आला. बेकनने ज्याला तलवारबाजी म्हटले, ते न्यायशास्त्राच्या भाषेत बव्हंशी जल्प आणि वितंडा होते.

२२/
ज्या वादसभांवर बेकन टीका करत होता त्या इंग्लंडमध्ये पुढेही दीर्घकाळ टिकल्या. केंब्रिजमध्ये पदवीच्या उमेदवाराला लॅटिनमध्ये आपली विधाने मांडून त्यांचे समर्थन करावे लागे. समोर विरोधक आक्षेप घेत, आणि वर बसलेला मध्यस्थ चर्चा नियमात ठेवी. उत्तम वाद केल्याबद्दलच्या लॅटिन शेऱ्यातील 'ऑप्टिमे' हा शब्द पुढे एका श्रेणीचे नाव झाला. 'ट्रायपॉस' हे परीक्षेचे नाव तर वादकर्ता ज्या तीन पायांच्या स्टुलावर बसे, त्यावरून पडले.

२३/
गणिताच्या या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत. 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणे. म्हणजे रँग्लर हा शब्दशः 'भांडखोर'. अठराव्या शतकात लेखी परीक्षेचे महत्त्व वाढत गेले, एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात तोंडी वादसभा मागे पडल्या. भांडण संपले, उपाधी उरली. रोममध्ये नियम मोडल्यावर शब्दाची तलवार झाली होती. केंब्रिजमध्ये नियम इतके स्थिरावले की भांडखोर हा शब्दच गौरवाचा झाला.

२४/
१८९९ मध्ये कोकणातील मुर्डी या गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे जॉर्ज बर्टविसल यांच्यासह संयुक्तपणे 'सीनियर रँग्लर' ठरले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्राने त्यांना 'रँग्लर परांजपे' याच नावाने ओळखले. नंतर गणेश सखाराम महाजनी यांनाही हीच उपाधी कायमची चिकटली. मराठी घरांत 'रँग्लर' म्हणजे अलौकिक बुद्धिमत्ता. त्याचा मूळ अर्थ भांडकुदळ आहे, हे बहुतेकांच्या ध्यानीमनीही नसते.

२५/
उलट दिशेचा प्रवासही मराठीत झाला आहे. 'हुज्जत' हा अरबी शब्द. मूळ अर्थ : प्रमाण, पुरावा, युक्तिवाद. मराठीत येईपर्यंत त्याचे निष्फळ भांडण झाले. 'रँग्लर'ने भांडणातून मान मिळवला. 'हुज्जत'ने प्रमाणातून मान गमावला. इंग्रजीतील 'आर्ग्यू' हे क्रियापद ज्या लॅटिन 'आर्गुएरे'वरून आले, त्याचा अर्थ 'स्पष्ट करणे, उघड करणे' असा होता. अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ 'चकाकणे' या अर्थाच्या धातूत शोधतात; संस्कृतातील 'रजत' आणि 'अर्जुन' हे शब्द त्याच धातूचे मानले जातात.

२६/
वाद म्हणजे तलवार चालवणे, आणि वाद म्हणजे उजेड पाडणे. इंग्रजीकडे दोन्ही क्रियापदे होती. पहिले कोशात निजले, दुसरे रोजच्या वापरात आहे. मात्र वापरात राहिलेला शब्द म्हणजे टिकून राहिलेली वृत्ती, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'आर्ग्यू' म्हणत लोक 'डायग्लॅडिएट' करू शकतात, हे कोणत्याही सभागृहात किंवा चौकात दिसते.

२७/
या शब्दाच्या दोन हजार वर्षांत तीन धडे दिसतात. तिबेरियस आणि ऑक्टेवियस त्वेषाने भांडले तोवर फोरम सुरक्षित होता. धोका वादाच्या तीव्रतेत नव्हता, वादाची मर्यादा सोडण्यात होता. बेकनचे पंडित मर्यादेत राहूनही हरले, कारण त्यांच्या वादात शोधण्यासारखे काही उरले नव्हते. आणि सिसेरोने मुलाला सांगितले ते असे की, या दोन्ही भयांनी वादच सोडून देणारा माणूस ज्यांच्या बाजूने बोलायला हवे त्यांना एकटे पाडतो.

२८/
रोस्त्रावर टांगलेल्या हातांची गोष्ट बहुधा क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखीही काही आहे. अँटनीच्या हाती सैन्य होते, सत्ता होती, याद्या होत्या. तरीही त्याला केवळ जीव घेऊन समाधान झाले नाही. ज्यांनी 'फिलिपिके' लिहिली ते हात लोकांना दिसावेत अशी त्याची इच्छा होती. शब्दांच्या तलवारीला खऱ्या तलवारीने दिलेली ही कबुली होती. ती भाषणे आजही वाचली जातात.

(समाप्त)